दाराजवळची निळी चौकट

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी, ऑफिसात.

महापालिकेची नोटीस आली. प्रत्येक व्यापारी संकुलात दिव्यांगांसाठी पार्किंगची राखीव जागा आखा, महिन्याभरात. आमच्या सुविधा आर्केडमध्ये नोटीस वाचू शकणारा मी एकटाच. बाकीचे दुकानदार तिच्यात समोसे गुंडाळतील.

निर्णय झाला. प्रोजेक्ट मी स्वतः हातात घेणार. नागपूरचं काय, अख्ख्या विदर्भाचं मॉडेल करून दाखवतो. तीन डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिन, त्याच दिवशी उद्घाटन. दारावर पाटी: ‘संकल्पना : श्री. शरच्चंद्र पांढरीपांडे, निवृत्त वरिष्ठ शाखाधिकारी, अध्यक्ष, सुविधा आर्केड गाळेधारक संघ.’ सात डिसेंबरला संघाची निवडणूक. उभं राहायची कोणाची छाती होते ते पाहू.

संध्याकाळी.

नोटीस पुन्हा वाचली. जागा ‘प्रवेशद्वाराच्या सर्वांत जवळ’ हवी म्हणे. सर्वांत जवळ, कडुलिंबाच्या सावलीत, माझी गाडी उभी असते. बिल्डिंग झाली तेव्हापासून. म्हणजे मसुद्यात चूक आहे. बाबू लोकांना भाषा येत नाही. ‘जवळ’ हा शब्द सापेक्ष आहे. दिल्लीहून पाहिलं तर मागचा ट्रान्सफॉर्मरही दाराच्या जवळच आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार.

साइट इन्स्पेक्शन केलं. ट्रान्सफॉर्मरशेजारची जागा उत्तम. शांत, हवेशीर, गर्दी नाही. अपंग माणसाला शांतता लागते, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

सोबत गणपतराव होते. संघाचे उपाध्यक्ष. मूळ दुकान गांधीबागेत, इथे साड्यांचं शोरूम. स्वतःचं मत नावाची वस्तू त्यांनी कधी स्टॉकमध्ये ठेवली नाही. म्हणाले, ‘एक नंबर साहेब. काहून टेन्शन घेऊन राहिले, मारून टाका तिथंच दोन पट्टे.’ गणपतरावांना पटलं म्हटल्यावर क्षणभर मलाच शंका आली. पण ती शंका टिकली नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

तळमजल्यावर चार नंबरच्या गाळ्यात पुष्पलताबाई आहेत. भिवापुरी तिखट विकतात. त्यांच्यामुळे माझ्या पहिल्या मजल्यावरच्या कन्सल्टन्सीत क्लायंट शिंकत येतो. (येतो तेव्हा.) बाईंना लहानपणी पोलिओ झालेला. कुबड्या घेऊन चालतात, मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटी चालवतात. बिल्डिंगमधल्या एकमेव लाभार्थी म्हणून प्लॅन आधी त्यांना दाखवला. चार कृतज्ञ शब्दांची अपेक्षा होती.

बाई हसल्या. म्हणाल्या, ‘साहेब, ट्रान्सफॉर्मरपाशी उतरीन मी. पण तिथून दुकानात काय उडत येऊ? मधात गिट्टी, मंग नाली, मंग तीन पायऱ्या.’

मी त्यांना व्हिजन समजावून सांगितलं.

‘मले व्हिजन नाही पाह्यजे, रॅम्प पाह्यजे,’ म्हणाल्या. मालाची ढकलगाडी चढवायचा रॅम्प दारापाशी आहे, खरं आहे. त्याच्या तोंडाशी माझी गाडी असते असा त्यांचा दावा. गाडी तोंडाशी नसते. तोंडापासून थोडी अलीकडे असते. पण जन्मभर मिरच्या कुटणाऱ्यांना हा फरक काय कळणार.

१० नोव्हेंबर, सोमवार.

रंगारी आणला. विक्की. शहराबाहेर वाडीला ट्रकच्या मागे चित्रं काढतो. गणपतरावांच्या ओळखीचा, ह्यातच सगळं आलं. त्याला व्हीलचेअरचं आंतरराष्ट्रीय चिन्ह कागदावर काढून दिलं, आणि ‘क्रिएटिव्हिटी नको’ असं बजावून क्लायंटची वाट पाहायला वर गेलो.

दुपारी खाली आलो. चाक अप्रतिम काढलंय. दहा चाकी ट्रकचं. मधोमध कमळ. त्यावर बसलेल्या माणसाला मिशा. बाजूला लिंबू-मिरची, ती म्हणे त्याच्यातर्फे भेट. चौकट इतकी अरुंद की गाडी लावली तर दार उघडणार नाही. विक्की म्हणाला, ‘काकाजी, गाडीत बसून राहणाऱ्याले दार कायले पाह्यजे?’

ह्या देशाचं काही होणार नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार.

मिशीवाला माणूस ज्या पद्धतीने बसलाय त्यावरून लोकांचा गैरसमज होतोय. वॉचमन धर्मेंद्रने विचारलं, ‘साहब, पीछे नया टॉयलेट बना है क्या?’ गणपतरावांच्या दुकानात बायकोसोबत आलेले दोन नवरे ती टॉयलेटची खूण समजून मागे गेले आणि टॉयलेट न सापडल्यामुळे भिंतीवर समाधान मानून आले.

सिव्हिक सेन्स शून्य. तरी काम वेळेआधी पूर्ण झालं, ह्याची नोंद असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार.

महापालिकेची इंजिनिअर आली. रितिका मॅडम. वय जेमतेम पंचवीस, हातात टेप, डोळ्यांवर गॉगल. मी चहा मागवला, बँकेतले दोन किस्से सांगितले. तिने चौकट मोजली. मिशांकडे बराच वेळ पाहत राहिली.

मग म्हणाली, ‘सर, एक करा. ही ढकलगाडी व्हीलचेअर समजा आणि इथून दुकानापर्यंत ढकलत न्या.’ ढकलगाडीवर गणपतरावांचे गठ्ठे होते. चॅलेंज स्वीकारलं. गिट्टीत अर्धं चाक गेलं. ते काढलं. नालीच्या जाळीत दुसरं गेलं. ते निघालं नाही. गठ्ठा नालीत, साड्या नालीत, माझा एक बूट नालीत. गणपतराव ओरडत होते, ‘अरे माझी पैठणी!’ माझी कोणी चौकशी केली नाही.

मॅडम म्हणाल्या, जागा पुढेच घ्यावी लागेल. दाराजवळ, रॅम्पला लागून, रुंदी तीन मीटर साठ. मग माझ्या गाडीकडे बोट करून, ‘ही कोणाची?’

म्हटलं, चौकशी करावी लागेल.

धर्मेंद्र तत्परतेने म्हणाला, ‘साहब, आपकी ही तो है.’

ह्या माणसाला दिवाळीत मिठाई दिली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

आज पुढे नवी चौकट आखली. निळी, रुंद, मॅडमनी पाठवलेल्या नकाशाप्रमाणे. महापालिकेने आपला रंगारी दिला, म्हणून मिशा नाहीत.

उद्घाटनाच्या भाषणात वाक्य घातलंय: ‘माझी स्वतःची जागा मी आज समाजाला अर्पण करत आहे.’ अरुंधतीला वाचून दाखवलं. म्हणाली, ‘तुमची कधी होती ती?’ चाळीस वर्षांचा संसार, आणि बायकोला साधी वहिवाट कळत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार.

गाडी मागे लावतो आहे. ट्रान्सफॉर्मरवर कबुतरं. गाडीचा रंग पूर्वी राखाडी होता.

खिडकीतून निळी जागा दिसते. पुष्पलताबाई सकाळी स्कूटी लावतात, अकराच्या सुमारास डिलिव्हरीला निघून जातात. मग दुपारभर रिकामी. निव्वळ रिकामी. ज्या देशात माणसांना झोपायला जागा नाही त्या देशात.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

जे व्हायचं तेच झालं. दुपारी निळ्या जागेत आधी एक बुलेट, मग गुपचुपवाल्याचा पाणीपुरीचा ठेला. लोक व्हीलचेअरच्या चिन्हावर उभे राहून तिखट पाण्याचे घोट घेत होते. धर्मेंद्र खुर्चीत झोपलेला. उठवलं तर म्हणाला, ‘खाली थी साहब.’

विचार केला. जागा रिकामी राहिली की अतिक्रमण होतं. म्हणजे ती रिकामी राहू देता कामा नये. कोणीतरी जबाबदार माणसाने ती धरून ठेवली पाहिजे. अपंग व्यक्ती आली की त्याने तत्काळ सोडायची.

असा माणूस ह्या बिल्डिंगमध्ये एकच आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळपासून जागेची राखण करतो आहे. गाडी उभी केल्याबरोबर गुपचुपवाला पसार. सावलीही मिळते, पण तो मुद्दा नाही.

सिस्टिम बसवली: पुष्पलताबाई आल्या की तीन हॉर्न द्यायचे, मी लगेच खाली. पण रिंग रोडवर प्रत्येक गाढव तीन हॉर्न देतं. सकाळभर जिना चढ-उतर केला. डावा गुडघा दुखायला लागला. दुपारी खिडकी लावून घेतली. ज्यांना खरोखर गरज आहे ते वर येऊन सांगतील.

(पुष्पलताबाईंना वर येता येत नाही, हे अरुंधतीने रात्री जेवताना लक्षात आणून दिलं. प्रत्येक सिस्टिममध्ये सुरुवातीला त्रुटी असतात.)

२४ नोव्हेंबर, सोमवार.

मॅडम न सांगता आल्या. सरकारी लोकांना शिष्टाचार नसतो. धर्मेंद्र धावत वर आला, ‘साहब, आपकी गाड़ी का फोटो निकाल रही है.’

खाली गेलो. दुकानदार जमलेले. अशा वेळी ह्यांना गिऱ्हाईक नसतं. मॅडम विचारत होत्या, ह्या गाडीचा चालक दिव्यांग आहे का? नसेल तर कारवाई होईल, आणि संघाच्या अध्यक्षांनाही उत्तर द्यावं लागेल.

शेवटच्या पायरीवर माझा डावा पाय जरा लचकला. खरंच लचकला असावा. पुढची पावलं लंगडतच टाकली. कोणी खोटं बोललं नाही. कोणी काही बोललंच नाही. मॅडमचा चेहराच बदलला. स्वतः खुर्ची आणली. ‘सर, आधी सांगायचं ना! मी त्या दिवशी तुम्हाला ढकलगाडी ढकलायला लावली!’ डोळ्यांत पाणी होतं पोरीच्या. सर्टिफिकेट विचारलं, म्हटलं, प्रोसेसमध्ये आहे. सात तारखेपर्यंत दाखवा म्हणाली.

पुष्पलताबाई दुकानाच्या दारात कुबड्यांवर उभ्या होत्या. माझ्या पायांकडे पाहत होत्या. काही लोकांचं गप्प बसणंही उद्धट असतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.

लंगडणं हे प्लॅनिंगचं काम आहे. गाडीतून उतरताना सुरू करायचं, ऑफिसचं दार लावल्यावर थांबवायचं. अंबाझरी तलावावरचा मॉर्निंग वॉक बंद केला, ओळखीचं कोणी दिसलं तर पंचाईत.

पण लोक बदलले आहेत, हे मान्य केलं पाहिजे. धर्मेंद्र बॅग घेऊन वर येतो. गणपतराव चहा वर पाठवतात आणि रोज विचारतात, ‘आज कसं वाटून राहिलं साहेब?’ बँकेत मॅनेजर असताना कोणी विचारलं नव्हतं. रिटायर झाल्यावर तर घरातही नाही.

मूर्ख आहेत, पण बरं वाटतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार.

संध्याकाळी गाडीपाशी पुष्पलताबाईंनी गाठलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. म्हणाल्या, ‘साहेब, सोमवारी डावा होता. आज उजवा हाय.’

खाली पाहिलं. उजवा होता. म्हटलं, पसरत चाललाय.

‘पोलिओ पसरत नाही जी. आमच्या घरच्यांनी डॉक्टरले तेच विचारलं होतं,’ म्हणाल्या. मग, आवाज न चढवता, ‘मी कोणाले काही सांगत नाही. तुम्ही फक्त गाडी हलवा. आठवडा झाला, स्कूटी रस्त्यावर लावून राहिली मी. ट्रक अंगावरून जातेत. मले ती जागा उभं राहाले लागते साहेब, तुम्हाले दाखवाले.’

एका तिखटवाल्या बाईने निवृत्त शाखाधिकाऱ्याशी ह्या स्वरात बोलावं! तरीही मोठ्या मनाने म्हटलं, उद्यापासून हलवतो. नक्की.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

सकाळी थंडी फार. मागच्या बाजूला ऊन येत नाही. गाडी पुढे लावली, फक्त आजच्यापुरती. सोमवार हा बदलासाठी चांगला वार. आठवड्याची सुरुवात.

रात्री.

दुपारी गणपतरावांचा माल घेऊन वाडीच्या गोदामातून टेम्पो आला. रस्त्यावर रिव्हर्स घेत होता. मागे पुष्पलताबाईंची स्कूटी, पायाशी तिखटाचं पोतं, कुबड्या अजून काढायच्या होत्या. टेम्पोवाल्याला दिसलं नाही.

मला आधी ब्रेकचा आवाज आला. मग बाईंचा.

खिडकी उघडली. स्कूटी आडवी, बाई खाली, पोतं फुटलेलं. सगळा रस्ता लाल. क्षणभर वाटलं की

लाल तिखटच होतं. पण ते खाली गेल्यावर कळलं.

कसा गेलो आठवत नाही. गणपतराव सांगतात, तीन-तीन पायऱ्या उतरत आलो, शेवटच्या चार उडी मारून. त्या तिखटाच्या धुराळ्यात कोणी जवळ जात नव्हतं, सगळे रुमाल लावून लांबून ‘अरे उचला, उचला’ करत होते. मी स्कूटी बाजूला केली. बाईंना उचललं, त्याच रॅम्पवरून धावत आत नेलं, बाकावर ठेवलं. शुद्धीवर होत्या. मनगट विचित्र वळलं होतं. म्हणत होत्या, ‘डोये नका चोळू साहेब, पाणी मारा, पाणी.’ स्वतःचा हात मोडलेला आणि मला सूचना!

पाणी मारून डोळे उघडले, तर आजूबाजूला सगळी बिल्डिंग. खोकत होते, शिंकत होते, नाकं पुसत होते, आणि सगळे माझ्या पायांकडे पाहत होते.

धर्मेंद्र म्हणाला, ‘साहब तो दौड़े.’

बाईंना माझ्याच गाडीतून हॉस्पिटलला नेलं. गाडी दाराशीच असल्यामुळे वेळ वाचला, हे मुद्दाम लिहून ठेवतो. बाकी कोणी लिहिणार नाही.

पोतं डबल शिवलेलं असतं तर इतकं झालं नसतं.

झोप नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार.

डावा गुडघा टम्म सुजलाय. डॉक्टर म्हणाले, लिगामेंट. ह्या वयात चार पायऱ्यांवरून उडी कशाला मारलीत? काय सांगणार.

सोमवारपर्यंत विश्रांती. संकटात शरीर अचाट शक्ती दाखवतं, तेवढ्यापुरतं अपंगत्वही नाहीसं होतं, ह्यावर इंटरनेटवर काही मिळतं का पाहिलं. मिळालं, पण अमेरिकेतलं आहे. गणपतराव अमेरिका मानत नाहीत.

१ डिसेंबर, सोमवार.

निळ्या जागेपुढे धर्मेंद्रने साखळी लावली आहे. ‘ऑर्डर है साहब.’ कोणाची? सगळ्यांची म्हणे.

गाडी मागे लावली. गिट्टी, नालीची जाळी, तीन पायऱ्या. पाऊल टाकलं की कळ मस्तकात. खरोखर लंगडत होतो, घाम फुटला होता. दुकानादुकानातून लोक पाहत होते. एकाने टाळी वाजवली. विक्की काहीतरी रंगवायला आला होता, तो म्हणाला, ‘काकाजी, ॲक्टिंग लय सुधरली.’ गणपतराव हसले. माझ्याकडे पाहून हसणाऱ्यात गणपतराव! चहा वर आला नाही.

पुष्पलताबाई प्लास्टर बांधून दुकानात आल्या होत्या, भावाच्या गाडीतून. ती निळ्या जागेत सहज लागली, दार पूर्ण उघडलं. बाईंनी मला नालीपासून पायऱ्यांपर्यंत येताना पाहिलं. पहिल्या पायरीशी मी थांबलो. म्हणाल्या, ‘आता बरोबर लंगडून राहिले साहेब.’ आणि आतून स्टूल काढायला सांगितलं.

बसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

थोडा वेळ टेकलो.

३ डिसेंबर, बुधवार.

उद्घाटन. भाषण खिशात होतं. रितिका मॅडमनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांना कोणीतरी सगळं सांगितलेलं दिसतं. शुक्रवारच्या घटनेनंतर माझ्या पायांबद्दल महापालिकेला कळवावं एवढा वेळ ह्या लोकांना आहे, रस्त्यावरचा खड्डा कळवायला नाही. दंडाची पावती मात्र हसून दिली.

फीत पुष्पलताबाईंनी डाव्या हाताने कापली. पाटीवर ‘संकल्पना’ नाही. नुसतं चिन्ह, आणि खाली ‘गाडी लावू नये, ज्यांची आहे त्यांनी सोडून’. व्याकरण भयानक. मजकूर गणपतरावांचा.

एक वृद्ध गृहस्थ व्हीलचेअरवरून आले, सुनेसोबत. गाडीतून उतरले, रॅम्पवरून थेट साड्यांच्या दुकानात. बायकोसाठी लुगडं घ्यायचं होतं. पूर्वी गाडीतच बसून राहायचे म्हणे, साड्या बाहेर आणून दाखवायला लागायच्या. ‘आज स्वतः हात लावून पाह्यली,’ असं सगळ्यांना सांगत होते. इतक्या साध्या गोष्टीचं काय कौतुक, कळत नाही.

भाषण केलं नाही. घसा तिखटाने बसलाय.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी.

संघाची सभा. विधिमंडळ अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे रस्ते बंद, वाटलं होतं कोरम होणार नाही. सगळे आले. जे कधी येत नाहीत तेही.

मी बोलायला उभा राहिलो. गणपतराव म्हणाले, ‘बसा साहेब, पायाले त्रास होईन.’ हशा. मग त्यांनीच पुष्पलताबाईंचं नाव अध्यक्षपदासाठी सुचवलं. जन्मात पहिल्यांदा हा माणूस कोणाच्या आधी काही बोलला.

बाई म्हणाल्या, ‘मले नाही जमणार जी, मले नोटीस वाचता येत नाही तुमच्यासारखी.’ कोणीतरी म्हणालं, वाचणाऱ्याने काय केलं ते पाहिलं. बाईंनी त्याला दटावलं. म्हणाल्या, ‘तिखटात उतरले होते ते. तुम्ही कुठं होते?’

त्यानंतर कोणी हसलं नाही. मला तेच जास्त अवघड गेलं.

मतदान हात वर करून. संपूर्ण सभागृह मूर्खांचं, ह्याबद्दल माझं मत ठाम आहे. निर्णय भावनेच्या भरात झालेला आहे. अनुभव नाही, इंग्रजी नाही, बँकिंगचं ज्ञान नाही. संघाचं वाटोळं होणार, हे मी आजच्या तारखेला लिहून ठेवतो.

ठराव एकमताने मंजूर.

एकमताने, म्हणजे माझाही हात वर होता. खांदा आखडला होता, ताण देत होतो. नेमकं तेव्हाच मोजलं.